पेंढ्याचं रेडकू

तो आडत्या मेला त्या दिवशी मी घरात गोड केलं. शेवया होत्या, गूळ होता, थोडं तूपही निघालं. शेजारीण म्हणाली, आज कसला सण गं? मी म्हटलं, आहे एक. आणि पोटभर जेवले.

त्याचं नाव इथं लिहीत नाही. त्याची नातवंडं अजून सोलापुरात आहेत आणि त्यांनी माझं काही बुडवलेलं नाही. पण त्याच्याबद्दल माझं मन निवळलं असं कुणी समजू नये. ते निवळलेलं नाही, आणि निवळावं असं मला वाटतही नाही.

आमचं घर कातडं कमावणाऱ्यांचं. तरवडाची साल, चुना आणि हौदातलं तांबडं पाणी यांच्या वासातच मी वाढले. माझा बा तरुणपणी एका गोऱ्या साहेबाच्या शिकारीच्या तळावर कामाला होता. जनावर सोलायचं कसं आणि पेंढा भरून पुन्हा उभं करायचं कसं, हे तो तिथं शिकला. साहेब विलायतेला गेला, विद्या आमच्या घरात राहिली. कुणी माळावर काळवीट मारलं, कुणाला नळदुर्गाकडं बिबट्या गावला, कुणा बाईसाहेबांचा कुत्रा मेला, की कातडं आमच्या दारात येई. पेंढा हा शब्द नुसता बोलण्यातला. आमच्या भागात भात पिकतो कुठं? लहान जनावरात आम्ही गव्हाचं काड भरायचो आणि मोठ्यात गिरणीतून येणारा कापसाचा कचरा.

मी बाची एकुलती. आई लहानपणीच गेली. मला सांगोल्याकडं दिली होती. तिथं नवऱ्यानं चुलीतल्या जळत्या लाकडानं मारलं, तेव्हा नेसत्या लुगड्यानिशी बापाकडं निघून आले. तोवर बाची नजर अधू झाली होती, बारीक टाका त्याला दिसेना. मग शिवण माझ्याकडं आलं. आमचा टाका केसांत बुडाला पाहिजे, बोट फिरवलं तरी लागता कामा नये. माझा लागत नसे. बा बोटं फिरवायचा आणि गप्प बसायचा. त्याचं कौतुक तेवढंच असे, पण मला ते दिवसभर पुरे.

दुखणं होतं ते पैशाचं. गोरे साहेब शिव्या घालायचे, पण पैसे टाकायचे. आपले लोक गोड बोलायचे आणि बुडवायचे. त्यांना वाटे, जनावर आमचं, कातडं आमचं, काड तर रस्त्यावर पडलेलं असतं, मग ह्यांनी केलं काय? न्हाव्याला अर्धी दाढी करून थांबता येतं. आमचं तसं नव्हतं. काम पुरं झालं की जनावर त्यांच्या बैठकीत जाऊन उभं राहायचं आणि आम्ही मागच्या दारात.

घर बाचं आणि चुलत्याचं निम्मं निम्मं. चुलता गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होता, महिन्याचा महिन्याला पगार आणायचा आणि तो आम्हाला दिसेल असा मोजायचा. एक दिवस तो बाला म्हणाला, “दादा, ह्यो धंदा न्हाय, ही फुकटची हमाली हाय. दिवाळीपतोर बघतो. पैका दिसला न्हाय तर म्होरली खोली गिरणीवाल्यांस्नी भाड्यानं देतो, आन् हिला सांगोल्याला पोचवून येतो. नवरा हाय तिला, मेला न्हाय.”

पुढची खोली म्हणजे आमच्या कामाची खोली. मी ठरवलं, सांगोल्याला माझं मढंसुद्धा जाणार नाही.

सगळ्यात मोठी बाकी होती या आडत्याकडं. त्यानं एक बिबट्या भरून घेतला होता. मारला होता दुसऱ्याच कुणी, पण बैठकीत बसणाऱ्याला तो स्वतःच्या बंदुकीची गोष्ट सांगायचा. त्या बिबट्याचे काचेचे डोळे बानं मुंबईहून मागवले, तेही उसने पैसे काढून. बिबट्या जिवंत वाटायचा. आडत्याची लहान पोरं त्या खोलीत एकटी जायची नाहीत म्हणे. काम असं झालं, आणि पैसे विचारले की, “उद्या ये.” उद्या गेलं की, “कापसाचे पैसे सुटू देत.” सुटायचे ते त्याला सुटायचे.

मागायला मी जायची. त्या घराच्या मागच्या अंगणात पायरीपासून लांब उभी राहायची. आडत्याची आई, थोरल्या बाई म्हणत तिला, सोवळ्यात यायची, “तिथंच थांब गं” म्हणायची, आणि माझी पाठ वळते न वळते तोच मी उभी होते त्या जागेवर पाणी टाकायची. ते पाणी पडल्याचा आवाज मला दारापर्यंत ऐकू यायचा. तो मी अजून विसरलेले नाही.

अशात त्यांची म्हैस व्याली. पंढरपुरी म्हैस, तलवारीसारखी लांब शिंगं मागं गेलेली. पेठेत तिची चर्चा व्हायची, कारण आडत्या तिच्या दुधाचा बडेजाव करायचा. देवाच्या नैवेद्याला तिचंच दूध, आल्या-गेल्याला तिच्याच दुधाचा चहा. तर त्या म्हशीचं रेडकू पंधरा दिवसांत मेलं. त्यांचा गडी, मंद्रूपकडचा भला माणूस, ओलं कातडं खांद्यावर टाकून आमच्या दारात आला.

“रेडकू ग्येलं पहाटं,” तो म्हणाला. “म्हस पान्हाच सोडंना. जवळ ग्येलं की लाथ मारती. मालक म्हनले, सांजच्याला भरून पायजे.”

“आधी बिबट्याचं पैसं आण म्हणावं,” मी म्हटलं.

बा आतून म्हणाला, “घे गं. कास दुखत असंल तिची. मुक्या जनावरानं काय केलंय तुझं?”

म्हशीनं काही केलं नव्हतं हे खरं. मी कातडं घेतलं.

हे काम बिबट्यापेक्षा वेगळं असतं. बिबट्या माणसांना दाखवायचा असतो. रेडकू म्हशीला पटवायचं असतं, आणि म्हैस डोळ्यांनी बघत नाही, नाकानं बघते. म्हणून ते कातडं कमवायचं नसतं. चुना नाही, साल नाही. खड्याचं मीठ लावून कुंड्यात ठेवायचं, पाणी निथळू द्यायचं, आत काड भरायचं, पोटाखालून शिवायचं आणि पाठीवर पुन्हा मीठ चोळायचं. अंगाचा वास तसाच राहतो. म्हैस वास घेते, मीठ चाटते, चाटता चाटता पान्हा सोडते. धार काढून होईतो रेडकू तिच्या तोंडासमोर धरायचं. मी संध्याकाळी ते गड्याच्या हवाली केलं आणि बजावलं, “याला पाणी लावू नका. थेंबसुद्धा न्हाय.”

“व्हय,” म्हणाला तो. पण त्या घरात गड्याचं ऐकतो कोण?

दुसऱ्या दिवशी दुपारी गडी परत आला. रेडकू त्याच्या हातात होतं. मान खाली घालून त्यानं ते आमच्या ओट्यावर ठेवलं. मी जवळ गेले आणि तिथूनच मला वास आला. गोमूत्राचा, हळदीचा, शिकेकाईचा. केस कसे मोकळे, स्वच्छ, एखाद्या नवरीला न्हाऊ घातल्यासारखे.

“कुणी धुतलं?”

“थोरल्या बाईंनी,” तो म्हणाला. “तुमच्या हातचं गोठ्यात कसं न्यायचं, म्हनल्या. पयलं गोमूत्र शिंपडलं. त्येवढ्यावर मन भरंना. मग आडाचं पानी वतून खळखळ धुतलं, हळद लावली, उनात वाळीवलं. आन् मग म्हशीफुडं धरलं. म्हस वळकती व्हय? शिंग मारून फेकून दिलं की.”

“आणि मालक काय म्हणाला?”

“काम खोटं हाय, म्हनला. ह्येचं पैसं न्हाईत. आन् बिबट्याचं बी इसरा. दुकानात बसून सगळ्यास्नी सांगतोय, ती पोरगी शिवाय लागल्यापासून त्या घरचं काम बिगाडलं.”

बिबट्याचे पैसे बुडवले ते मी कदाचित गिळलं असतं. आमच्या लोकांना गिळायची सवय असते. पण माझ्या टाक्याला खोटं म्हटलं, आणि तेही आपल्या आईनं ते धुऊन काढल्यावर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच संध्याकाळी एका वकिलाचा माणूस आला आणि भरायला दिलेलं काळविटाचं कातडं तसंच परत घेऊन गेला. चुलत्यानं ते पाहिलं. तो म्हणाला, “आता दिवाळी कशाला बघायची? बाजारच्या दिशी सांगोल्याकडची बैलगाडी जाती. हिची बोचकी बांध.”

त्या रात्री मी रडले नाही. मला आधी कुंडं आठवलं.

कुंडं मी अजून ओतलं नव्हतं. त्या रेडकाच्या कातड्याचं मीठपाणी त्यात तसंच होतं, घट्ट, तांबूस, वास मारणारं. सकाळी उठून मी ते पाणी त्या धुतलेल्या रेडकाच्या अंगात जिरवलं. केसांत बोटं घालून मुळापर्यंत चोळलं. मानेला, पाठीला, शेपटीखाली. बा विचारू लागला, काय करतीस. मी म्हटलं, थोरल्या बाईंनी न्हाऊ घातलं, आता मी घालते.

आडत्याची म्हैस रोज सकाळी ओढ्याला पाण्यावर यायची. मी रेडकू कडेवर घेतलं आणि वाऱ्याच्या तोंडाला जाऊन उभी राहिले. म्हैस आली. तिची कास इतकी तटली होती की मागचे पाय फाकून चालत होती. मला तिची दया आली, तेवढीच एक दया त्या आठवड्यात मला आली. तिनं पाण्यात तोंड घातलं, मग वर केलं. नाकपुड्या फुलल्या. आणि ती गळ्यातून असं काही हुंकारली की गड्याच्या हातातली काठीच खाली आली. ती सरळ माझ्याकडं निघाली. मी वळले आणि चालू लागले.

ओढ्यावरून आमच्या वस्तीला जवळची वाट होती. ती मी धरली नाही. मी पेठेतून गेले. विणकरांच्या गल्लीतून, जिथं मागांचा खटखटाट क्षणभर थांबला आणि बायका तेलुगूत एकमेकींना हाका मारत दारात आल्या. तिथून सरळ आडत बाजारात. माझ्या कडेवर पेंढ्याचं रेडकू, माझ्यामागं म्हैस त्याची पाठ चाटत, तिच्या सडांतून दूध टपटप रस्त्यावर पडतंय, आणि तिच्यामागं गडी. गड्याला तिला आवरायची फारशी घाई दिसत नव्हती.

आडत्या गादीवर बसला होता. समोर वैरागकडचे शेतकरी माल घालायला आलेले. त्यातल्या एकानं मला विचारलं, “काय गं बाई, ही कुणाची म्हस?”

मी थांबले. मोठ्यानं सांगितलं, “ह्या मालकांची. रेडकू खोटं हाय म्हणून त्यांनी परत धाडलं. म्हशीला खरं वाटलं, म्हणून चाललीया.”

शेतकरी हसले. हमाल हसले. दिवाणजीनं खाली मान घातली, पण त्याचे खांदे हलत होते. आडत्या उठून ओरडला, “अडवा तिला.” दोन हमाल पुढं झाले. म्हशीनं शिंगं नुसती हलवली आणि ते मागं सरले. मी घराकडं वळले. उभ्या जन्मात मी पेठेतून इतकी हळू चाललेली नाही.

आमच्या ओट्यासमोर म्हैस उभी राहिली. मी रेडकू तिच्या तोंडाशी धरलं आणि तिनं पान्हा सोडला. गड्याजवळ चरवी नव्हती, म्हणून आमच्याच मडक्यात धार काढली. एक भरलं, दुसरं भरलं. बा म्हणाला, “दूध त्येंचं हाय, धाडून द्या.” गडी म्हणाला, “आबा, तुमच्या मडक्यातलं त्या घरात जाईल व्हय?” मग ते वस्तीतल्या पोरांनी प्यायलं. ओठांवर पांढऱ्या मिशा घेऊन पोरं दिवसभर हिंडत होती आणि बघेल त्याला मी सांगत होते, हे आडत्याच्या देवाचं दूध.

संध्याकाळी आडत्या गल्लीच्या तोंडाशी आला. नाकाला उपरणं लावून तिथंच उभा राहिला. “म्हैस चोरलीस,” म्हणाला. “फौजदाराला आणतो.”

“आणा की,” मी म्हटलं. “दावं बघा, कुठं बांधलंय का? ती तिच्या पायानं आलीया. न्या हाकलून.”

त्यानं नेली. दोन गडी, चार हमाल, ओढत, ढकलत नेली. सकाळी उन्हं चढायच्या आत तुटलेलं दावं गळ्यात घेऊन ती पुन्हा आमच्या ओट्यासमोर हजर. रेडकाला चाटू लागली. तिच्यामागोमाग धापा टाकत आडत्या आला, आणि त्याच्यामागं, जिनं जन्मात आमच्या गल्लीकडं बघितलं नव्हतं ती, थोरली बाई. घरात तीन दिवस देवाला दूध नव्हतं. बाहेरचं दूध त्या देवाला चालत नसे.

सगळी वस्ती गोळा झाली. चुलतासुद्धा गिरणीला गेला नव्हता.

“ते रेडकू माझं आहे,” आडत्या म्हणाला. “कातडं माझ्या घरचं.” आणि गड्याला म्हणाला, “उचल.”

मी ओट्यावर बसले होते. रेडकू मांडीवर उताणं घेतलं होतं, आणि कातडं कापायची रापी त्याच्या पोटाच्या टाक्यावर टेकवली होती. “कातडं तुमचं,” मी म्हटलं. “टाका माझा हाय. एक ओढ मारली की तुमचं कातडं तुमाला मिळंल, काड म्हशीला मिळंल. मग सोलापुरात शोधा कोण शिवून देतंय ते.”

बा म्हणाला, “पोरी, नको.” मी रापी काढली नाही, दाबली. पहिला टाका तुटला आणि काडाचं टोक बाहेर आलं. म्हैस हंबरली. आडत्यानं माझ्याकडं पाहिलं, पहिल्यांदाच तोंडाकडं पाहिलं, आणि मी तोडणार हे त्याला पटलं. मी तोडणारच होते.

“किती?” तो म्हणाला.

“बिबट्याचं, डोळ्यांचं आणि रेडकाचं. रेडकाचं दोन्दा.” दुसऱ्यांदाचं कशाचं, हे त्यानं विचारलं नाही.

कनवटीचे पैसे काढून, वाकून, त्यानं ते लांबूनच मातीत ठेवले. आम्हाला पैसे द्यायची हीच रीत होती. आम्ही ते उचलायचे.

“भुईवर न्हाय,” मी म्हटलं. “हातात.”

मी हात पुढं केलेला, दुसऱ्या हातात रापी. त्यानं पैसे पुन्हा गोळा केले, त्यांची माती झटकली, आणि माझ्या तळव्यावर ठेवले. त्याची बोटं मला लागली. थंडगार होती. मी मोजले, सावकाश, चुलत्याला दिसतील असे.

मग तुटलेला टाका पुन्हा घातला, दोरा दातानं तोडला, पाठीवर मुठीनं मीठ चोळलं. गडी पुढं आला. मी त्याला दिलं नाही. थोरल्या बाईसमोर गेले आणि रेडकू तिच्याकडं केलं. “तुमी घ्या. धुणाऱ्यालाच सांगायचंय मला. ह्याला पाणी लावलं तर म्हैस पुन्हा माझ्या दारात येईल. आणि वास कमी झाला की हितंच धाडायचं, मीठ मीच चोळणार. मग तसंच, न धुता, घरात न्यायचं.”

वय झालं होतं तिचं. मला तेव्हा कीव आली नाही आणि आता मी तिच्या त्या वयाला पोचले तरी येत नाही. तिनं मुलाकडं पाहिलं. तो दुसरीकडं बघत होता. मग तिनं ते ओलं, वास मारणारं रेडकू दोन्ही हातांनी घेतलं आणि सोवळ्याशी धरून गल्लीतून चालू लागली. म्हैस निमूट तिच्यामागं गेली.

बाजारचा दिवस आला आणि गेला. चुलत्यानं बैलगाडीचं नाव काढलं नाही. पुढच्या खोलीसाठी भाडेकरू बघायचंही त्यानं सोडलं. वकिलाच्या माणसानं काळविटाचं कातडं परत आणून टाकलं, आणि त्यावर आगाऊ पैसे ठेवले.

म्हैस आटेपर्यंत गडी दर पंधरवड्याला रेडकू घेऊन यायचा. मी मीठ चोळायची. हात धुऊन चोळलं तरी चाललं असतं. मी धुतले नाहीत. त्या घरात रोज पहाटे थोरली बाई स्नान करून, सोवळं नेसून गोठ्यात जाई आणि ते रेडकू म्हशीपुढं धरी. माझ्या हातचं मीठ चाटल्याशिवाय म्हैस दूध देत नसे, आणि ते दूध दिल्याशिवाय त्यांचा देव जेवत नसे.